जाहिरात कोणत्या खात्यावर?

पाडव्याच्या दिवशी आमच्या घरी अजूनही वहीपूजन होते. पूजेला वही असते, दुकान मात्र नाही. तालुक्याच्या गावी असलेले आमचे लोखंडी सामानाचे दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली. चोपड्या मात्र माळ्यावर लाल कापडात बांधून ठेवलेल्या होत्या. आजोबांच्या, म्हणजे आबांच्या हातच्या कीर्दी आणि खतावण्या. पहिल्या पानावर ‘श्री’, त्याखाली हळदकुंकवाचे सुकलेले ठिपके, आणि मग मोडीच्या वळणाची आठवण देणारी बाळबोध अक्षरे. घर विकायचे ठरले तेव्हा हे गाठोडे माझ्या वाट्याला आले. रद्दीत घालायचा धीर झाला नाही म्हणून मी ते वाचायला बसलो.

फाळ, साखळ्या, बादल्या, बिजागऱ्या, कंदिलाच्या काचा असा मालाचा संसार डोळ्यांखालून जात होता. एका नोंदीवर मी थांबलो. ‘दिवाळी अंकास जाहिरात’ अशी ती नोंद होती आणि पुढे एक किरकोळ रक्कम होती. आबांनी ती खतवली होती धर्मादाय खात्यावर. देवळाच्या उत्सवाची वर्गणी, वारीला जाणाऱ्यांना दिलेले शिधासामान, एका विद्यार्थ्याला दिलेली फी, आणि त्याच रांगेत जाहिरात! दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. आबांच्या लेखी संपादक आणि देवळाचे पुजारी एकाच दारातून येत होते. दोघेही हात पुढे करणारे. दोघांनाही नाही म्हणणे बरे दिसत नाही.

याच खतावणीत तराजू, लोखंडी कपाट आणि गल्ल्याची पेटी ‘डेडस्टॉक’ म्हणून लिहिलेली आहे. म्हणजे एकदा घेतलेली आणि पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडणारी वस्तू वेगळी, आणि आज खर्चून आजच संपणारा पैसा वेगळा, हे आबांना पक्के ठाऊक होते. दुकानावरची पाटी पेंटरकडून रंगवून घेतली तो पैसा मात्र ‘दुकान खर्च’ म्हणून नावे पडला. ती पाटी पुढे सुमारे चाळीस वर्षे टिकली. तराजू दोनदा बदलला, पाटी बदलली नाही. तरी तराजू मालमत्ता ठरला आणि पाटी खर्च.

जाहिरात कोणत्या खात्यावर खतवायची, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला. तो हिशेबनिसाचा प्रश्न वाटतो खरा, पण महाराष्ट्रातल्या लहान धंद्याच्या इतिहासातला तो एक कळीचा प्रश्न आहे, असे हळूहळू माझ्या लक्षात आले. त्याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

*

आधी आबांची बाजू. ती अडाण्याची बाजू नव्हती. ज्या गावात दुकानदार गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो, त्याच्या शेतात काय पेरले आहे आणि मुलीचे लग्न कधी आहे हेही त्याला ठाऊक असते, तिथे छापील जाहिरातीचे काम ओळखच करत असते. उधारी हीच जाहिरात. सुगीपर्यंत थांबणारा दुकानदार म्हणजे चांगला दुकानदार, ही बातमी बाजाराच्या दिवशी आपोआप फिरते. शिवाय आपला माल आपणच वाखाणणे हे आपल्याकडे सभ्यपणाचे मानले जात नव्हते. स्वतःचे कौतुक करणारा माणूस आणि स्वतःच्या मालाचे कौतुक करणारा दुकानदार यांच्याकडे एकाच संशयाने पाहिले जाई. वर्तमानपत्रांतून येणाऱ्या अक्सीर औषधांच्या आणि शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिरातींनी तो संशय आणखी बळकट केला. जो ओरडतो त्याच्या मालात खोट असणार, हे जणू गृहीतच होते.

गंमत अशी की उलट अनुभवही आपल्या भाषेने नोंदवून ठेवला आहे. बोलणाऱ्याचा कोंडा विकला जातो आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, ही म्हण काही इंग्रजी अमदानीत आलेली नाही. आपण मात्र तिचा अर्थ बोलणाऱ्याची निंदा म्हणून घेतला. न बोलणाऱ्या गव्हाचे काय होते, याकडे लक्ष दिले नाही.

*

दिवाळी अंकात हा विषय मांडताना दिवाळी अंकाच्या जन्माची आठवण टाळता येत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ मासिक सुरू केले. त्यांचे मूळ आडनाव आजगावकर. बंगाली साहित्याच्या ओढीने त्यांनी ‘मित्र’ हे नाव घेतले. १९०९ साली, इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांच्या धर्तीवर, त्यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीतल्या दिवाळी अंकांची परंपरा तिथून सुरू झाली, असे आपण मानतो. वाङ्मयाच्या इतिहासात या घटनेला मोठे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. पण मित्र हे एका लहान धंद्याचे मालकही होते. मासिक चालवणे म्हणजे कागद, शाई, छपाई, टपालखर्च आणि थकलेल्या वर्गण्या. अशा माणसाने वर्षातून एक अंक नेहमीपेक्षा जाडजूड, सचित्र आणि खर्चिक काढायचा, हा व्यवहाराच्या दृष्टीने धाडसी निर्णय होता.

या निर्णयामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. दिवाळीत घरात नवी वस्तू येते. तेव्हाच घरात आलेला अंक चार माणसे वाचतात, पाहुण्यांच्या हाती पडतो, शेजारी मागून नेतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोनाड्यात राहतो. रोजच्या वर्तमानपत्रातली जाहिरात संध्याकाळी पुडीच्या कागदावर जाते. दिवाळी अंकातली वर्षभर घरात राहते. जाहिरातदाराला टिकाऊ जागा मिळाली आणि त्या पैशावर वाचकाला जाड अंक मिळाला. पुढे शंभराहून अधिक वर्षे मराठी साहित्याचा केवढा तरी भाग या जोडणीवर जगला. कवितेच्या समोरच्या पानावर दागिन्यांची पेढी आणि कथेच्या शेवटी मसाल्याचा कारखाना हे दृश्य आपल्याला इतके सवयीचे आहे की त्यातले परस्परावलंबन दिसेनासे झाले आहे.

*

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सर्वांना माहीत आहे, पण ती आपण यंत्राची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती इथे विक्रीची गोष्ट म्हणून सांगायची आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेसाठी गेलेला, पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारा हा माणूस बेळगावात सायकलींच्या धंद्यात उतरला. सायकल ही तेव्हा लोकांनी नीट पाहिलेलीही नव्हती, मग चालवता कुठून येणार? किर्लोस्कर बंधू सायकली विकत, दुरुस्त करत आणि चालवायलाही शिकवत. हा तिसरा भाग मला महत्त्वाचा वाटतो. ज्याला सायकल चालवता येत नाही तो सायकल घेणार नाही. म्हणजे गिऱ्हाईक आधी घडवावे लागते आणि मग त्याला माल विकता येतो. शिकवण्यात गेलेली संध्याकाळ ही विक्रीचीच पूर्वतयारी होती.

पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर आला. नांगर चांगला होता. लाकडी नांगरापेक्षा खोल जात होता. तरी तो खपेना. लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुरुवातीचे नांगर विकायला फार दिवस लागले. इथे ‘माल चांगला असला की झाले’ या आपल्या लाडक्या सिद्धांताची परीक्षा झाली आणि त्यात तो नापास झाला. माल चांगला असूनही पडून होता, कारण अडचण मालात नव्हती, गिऱ्हाइकाच्या मनात होती. कारखान्यात कितीही सुधारणा केली तरी ती समजूत जाणार नव्हती. त्यासाठी शेतकऱ्याशीच बोलावे लागणार होते. नांगरलेली जमीन पुढच्या हंगामात पीक देते, हे त्याने पाहणे किंवा पाहणाऱ्याकडून ऐकणे आवश्यक होते. आणि हंगाम कोणासाठी लवकर येत नाही.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळरान दिले आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. निवडुंगाच्या आणि सापांच्या त्या माळावर जे उभे राहिले ते भांडवल डोळ्यांना दिसणारे होते: भट्टी, यंत्रे, घरे. दुसरे भांडवल मात्र दहा वर्षांनी उभे राहू लागले आणि ते कागदाचे होते.

१९२० हे साल मनात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखाना आणि त्याचे गिऱ्हाईक यांच्यातला दुवा म्हणून हे पत्र निघाले. शंकररावही मुळात चित्रकार. नांगराच्या कारखान्याने मासिक काढायचे, हे आबांसारख्या माणसाने ऐकले असते तर म्हटले असते, नसते उद्योग! आणि पहिल्या वर्षाच्या हिशेबापुरते ते बरोबरही ठरले असते. अमुक अंक वाचून अमुक शेतकऱ्याने नांगर घेतला, असे कोणत्याही कीर्दीत दाखवता येत नाही.

पण ‘खबर’ने जे केले ते असे की, ‘आमचा नांगर घ्या’ एवढेच सांगणे तिने हळूहळू सोडले. वाचकाला उद्योगाची गोडी लागावी, नव्या विचारांचे भय जावे, यंत्र हे परके वाटू नये, अशा मजकुराने ती भरू लागली. पुढे ‘खबर’ हा शब्द गळाला आणि ‘किर्लोस्कर’ हे नाव राहिले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे आली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध वाचकांपर्यंत गेले ते ‘किर्लोस्कर’मधून. एका कारखान्याचे पत्रक मराठी मध्यमवर्गाच्या विचारांचे व्यासपीठ बनले. लोखंडाने जमीन नासते असे मानणारा समाज आणि बुद्धिवादाची चर्चा करणारे मासिक वाचणारा समाज यांत जे अंतर आहे, ते काटण्यात या कागदाचा वाटा होता. त्या अंतराच्या पलीकडच्या काठावर नांगर, पंप आणि इंजिने यांचे गिऱ्हाईक उभे होते. सायकल शिकवण्याचाच हा मोठा अवतार, असे मला वाटते.

*

याच काळातली आणखी दोन नावे आबांच्या चोपडीतच सापडतात, म्हणून सांगतो. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील हे त्यांतले पहिले. ओगले बंधूंनी आपल्या वडिलांचे नाव कंदिलाला दिले. आबांनी कीर्दीत पुष्कळदा ‘कंदील’ हा शब्दच लिहिलेला नाही; नुसते ‘प्रभाकर’ लिहून नगसंख्या टाकली आहे. मालाचे नाव मालाच्या जातीचे नाव होते, तेव्हा त्या नावात केवढे भांडवल साठले असेल याचा अंदाज येतो. विलायती कंदिलाशी स्पर्धा करणाऱ्या स्वदेशी कारखान्याला हे नाव हीच ढाल होती.

दुसरे नाव शाईचे. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईची भुकटी करायला सुरुवात केली. पुढे त्यांचा उंट, म्हणजे ‘कॅमल’, घरोघरच्या दप्तरांत पोचला आणि धंद्याला ‘कॅमलिन’ हे नाव मिळाले. या कंपनीने शाळाशाळांतून चित्रकला स्पर्धा भरवल्या, हे माझ्या पिढीला वेगळे सांगायला नको. रंगपेटी विकायची तर चित्रे काढणारी मुले हवीत. स्पर्धेत बक्षीस न मिळालेला मुलगाही रंग कोणते वापरले ते विसरत नाही, आणि बाप झाल्यावर मुलीसाठी तीच पेटी मागतो. मी मागितली. या परताव्याला पंचवीस-तीस वर्षे लागली.

इथे मला वाचकाला, आणि स्वतःलाही, सावध केले पाहिजे. इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती यशस्वी माणसांचीच कागदपत्रे लागतात. ज्यांनी जाहिरातीत पैसे घातले आणि ते बुडाले, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. त्यामुळे ‘किर्लोस्करांनी केले म्हणून चालले, तुम्हीही करा’ हा युक्तिवाद पोकळ आहे. शिवाय ‘प्रभाकर’चेच पुढे काय झाले? खेड्यापाड्यांत वीज आली आणि कंदिलाचा काळ सरला. नाव घराघरांत होते, पण गरजच उरली नाही. जाहिरात नांगराबद्दलची भीती घालवू शकते. दिव्याचे बटण आल्यावर कंदिलाची वात वाढवू शकत नाही.

*

मग जाहिरातीला गुंतवणूक म्हणायचे ते कशाच्या आधारावर? मी एका सनदी लेखापाल मित्राला आबांची नोंद दाखवली. तो हसला आणि म्हणाला, “धर्मादाय चुकलं, पण मालमत्ता म्हणून लिहिलं असतं तर तेही चुकलंच असतं.” आजचे भारतीय लेखा मानकही जाहिरातीवरचा पैसा झाला त्या वर्षीचा खर्च म्हणूनच दाखवायला सांगते. धंद्याने स्वतः कमावलेले नाव ताळेबंदात मालमत्ता म्हणून लिहिता येत नाही. तेच नाव दुसऱ्याने विकत घेतले तर मात्र त्याच्या ताळेबंदात लिहिता येते! कारण सरळ आहे. जाहिरातीचा फायदा कधी आणि किती होईल हे खात्रीने मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते मालमत्तेत धरले तर उद्या कोणीही आपल्या आशा ताळेबंदात मांडील.

म्हणजे चोपडीचा नियम आबांच्याच बाजूचा निघाला. पण चोपडी गेल्या वर्षाचा हिशेब सांगते आणि दुकानदाराला पुढच्या दहा वर्षांचा विचार करायचा असतो. मुलाच्या शिक्षणावर होणारा पैसाही घरखर्चातच लिहिला जातो. म्हणून तो पैसा डाळ-तांदळासारखा खाऊन संपतो, असे कोणताही बाप मानत नाही.

खर्च आणि गुंतवणूक यांतला फरक रकमेत नाही, वागण्यात आहे, असे या साऱ्या वाचनानंतर मला वाटते. किर्लोस्करांना ठाऊक होते की आपल्याला कोणती समजूत बदलायची आहे. दांडेकरांना ठाऊक होते की आपले गिऱ्हाईक आज आठ वर्षांचे आहे. मित्रांना ठाऊक होते की आपला अंक घरात किती काळ राहणार आहे. तिघांच्याही बाबतीत पैसा कोणापर्यंत पोचायचा आहे हे नक्की होते, तो सातत्याने जात होता, आणि परताव्यासाठी थांबण्याची तयारी होती. बियाणे पेरताना शेतकरी जे करतो तेच: जमीन बघायची, वेळ बघायची, आणि पेरल्यावर दुसऱ्या दिवशी उकरून पाहायचे नाही. उगवले नाही तर मात्र पुढच्या वर्षी वाण बदलायचे. हे शेवटचेही गुंतवणुकीतच येते. वर्षानुवर्षे तीच जाहिरात त्याच ठिकाणी देत राहणे आणि तिचे काय झाले हे कधीच न विचारणे याला चिकाटी म्हणत नाहीत.

या कसोटीवर आबांची जाहिरात पाहिली. तो दिवाळी अंकही गाठोड्यात होता. पाव पान, भोवती वेलबुट्टी, मध्ये दुकानाचे नाव, आणि खाली ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’. दुकानात काय मिळते ते लिहिलेले नाही. दुकान कुठे आहे तेही नाही. आबांनी वर्गणी म्हणून पैसे दिले आणि त्यांना वर्गणीदाराची पावती मिळाली. त्यांनी ती धर्मादाय खात्यावर टाकली यात हिशेबाची काही चूक नव्हती. ती नोंद अगदी प्रामाणिक होती.

*

आबांच्या मागे वडिलांनी, अण्णांनी, दुकान चालवले. त्यांनी ती वर्गणीही बंद केली. एस. टी. स्टँडसमोर नवे दुकान झाले होते. तिथले मालक बाजाराच्या दिवशी रिक्षातून कर्णा फिरवत, पेरणीच्या आधी शेतकऱ्यांना पत्रके वाटत, ठिबकचे नवे सामान आले की ते बाहेर मांडून जोडून दाखवत. मी तेव्हा कॉलेजात होतो. अण्णांना म्हटले, आपणही एक पत्रक काढू, मी मजकूर लिहितो. ते म्हणाले, “पन्नास वर्षांचं दुकान आहे आपलं. कोणाला माहीत नाही?” मी गप्प बसलो. आपल्या माणसाला माल विकायला कमीपणा वाटतो, याचा मला त्या वयात अभिमानही वाटत होता.

दुकान सर्वांना माहीत होते, यात खोटे काहीच नव्हते. पण ज्यांना माहीत होते ती माणसे म्हातारी होत गेली, आणि त्यांची मुले स्टँडवर उतरत होती. आमच्याकडेही ठिबकचे सामान होते, हे त्यांतल्या कित्येकांना दुकान बंद झाल्यावर कळले. दुकान मोडताना उरलेला माल आम्ही घाऊक भावात देऊन टाकला. तो घेणाऱ्याने विचारले, “हे एवढं होतं तुमच्याकडे?” अण्णा काही बोलले नाहीत. ते बाहेर जाऊन पाटीकडे बघत उभे राहिले.

पत्रक काढले असते तर दुकान वाचले असते, असे मी म्हणणार नाही. माल, उधारी, रस्ता, माझे शहरात निघून येणे, अशी कितीतरी कारणे होती आणि मी इतिहासाचा विद्यार्थी असल्याने एका कारणावर सारे ढकलण्याची मला भीती वाटते. मात्र निर्णय झाला होता तो आकडे मांडून नव्हे. तो पैसा वाया जाणार, हे आम्ही आधीच ठरवून टाकले होते, आणि तेही आबांच्या त्या एका खात्याच्या सवयीने.

यंदाच्या पाडव्याला मी नेहमीप्रमाणे नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढेन. मग आबांची खतावणी उघडून, त्यांची नोंद न खोडता, तिच्या समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवायचा विचार आहे. त्या पाटीचा पत्रा मात्र मी जपून ठेवला आहे. घर विकताना तेवढी एक वस्तू मी मागून घेतली. कोणत्याच चोपडीत ती मालमत्ता म्हणून लिहिलेली नव्हती, त्यामुळे वाटणीच्या यादीतही ती नव्हती आणि कोणी हरकत घेतली नाही.